टपालाने आलेले नाणे : घेताना एक भाव, मोडताना दुसरा

कांद्याची पट्टी हातात पडली किंवा उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की घरात पहिला विचार निघतो तो देण्याघेण्याचा. सोसायटीचे कर्ज, खतवाल्याची उधारी, मुलांची फी हे सगळे भागवून चार पैसे शिल्लक राहिले, तर कारभारीण म्हणते, "यंदा थोडं सोनं करून ठेवू. पोरीच्या लग्नाला कामी येईल." तिचे म्हणणे चुकीचे नाही. विहिरीचे पाणी आटले, जनावर दगावले, घरात दुखणे आले, तर त्या वेळी उभ्या गावात चटकन पैसा उभा करून देणारी वस्तू म्हणजे सोने. आपल्या आयाबायांनी पुतळ्यांची माळ आणि बोरमाळ उगीच जपून ठेवली नाही.

अलीकडे दागिन्याऐवजी नाणे घेण्याकडे कल वाढला आहे. नाणे एक ग्रॅमचेही मिळते. त्याला घडणावळ कमी, खडे-मोती नाहीत, लाखेची भर नाही. आणि ते घ्यायला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जायलाच हवे असेही नाही. जाहिरात बघायची, मागणी नोंदवायची, पैसे भरायचे, की आठ दिवसांत पाकीट दारात. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याला काय किंवा दौंड तालुक्यातल्या पाटसला काय, पाकीट सारखेच पोहोचते. धनत्रयोदशी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की अशा जाहिरातींचा पाऊस पडतो.

वाचकहो, या व्यवहारात सगळेच लबाड असतात असे म्हणण्याचे कारण नाही. चोख माल पाठवणारे व्यापारी आहेत. परंतु गिऱ्हाइकांचे अनुभव ऐकले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. नाणे खरे की खोटे, स्वस्त की महाग, हे घेताना कळत नाही. ते मोडताना कळते. आणि मोडायची वेळ येते ती अडचणीची असते. तेव्हा जे प्रश्न मोडताना विचारायचे, ते पैसे पाठवण्याआधी विचारले पाहिजेत. हा लेख त्यासाठीच आहे.

ही रीत नवी नाही

टपालाने माल मागवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी.ची सोय केली. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि मग पुडके ताब्यात घ्यायचे. १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली. दौंड हे रेल्वे जंक्शनचे गाव, तर शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, रेल्वे नाही. तरी दोन्हीकडे घड्याळे, पुस्तके, औषधे व्ही. पी.ने येत. ट्रान्झिस्टर मागवला आणि पुडक्यात वीट निघाली, हा किस्सा तर गावोगाव सांगितला जाई. त्याचे मर्म एवढेच, की पैसे आधी द्यायचे आणि पुडके नंतर फोडायचे. आज "माल हातात आल्यावर पैसे" म्हणून जी सोय मिळते, तीही बहुतेक वेळा अशीच असते. पाकीट हातात येते, पण आतला माल पाहण्याआधी पैसे मोजावे लागतात.

सोन्याच्या नाण्याची गोष्ट मात्र वेगळी होती. १९६३ साली सोने नियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली कायदा झाला आणि सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा नाणे बाळगण्यावर बंधने आली. दागिना तेवढा मोकळा राहिला. १९९० साली हा कायदा रद्द झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते अहमदनगरात जन्मलेले मधु दंडवते. म्हणजे घरोघर सोन्याचे नाणे घेण्याची मोकळीक मिळून अजून दोन पिढ्याही झालेल्या नाहीत. दागिना पारखण्याचे शहाणपण आपल्याला आजीकडून मिळाले. नाण्याचे शहाणपण आपले आपल्यालाच मिळवायचे आहे.

पुढे सरकारी खात्यांनीही नाणी विकली. ऑक्टोबर २००८ मध्ये टपालखात्याने निवडक कचेऱ्यांतून २४ कॅरटची नाणी विकायला सुरुवात केली होती. ती योजना नंतर थांबली. नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्र असलेले भारतीय सुवर्ण नाणे ५ आणि १० ग्रॅम वजनात निघाले. मुंबईची सरकारी टांकसाळ तर १८२९ पासूनची. तिची स्मारक नाणी हौशी लोक अर्ज आणि डिमांड ड्राफ्ट टपालाने पाठवून मागवीत आले आहेत.

पहिला अनुभव : माल चोख, तरीही तोटा

नाणे आले. वजन बरोबर, सोने खरे. गिऱ्हाईक खूश. वर्ष-दीड वर्षाने ते मोडायला नेले, तेव्हा हातात आलेला आकडा पाहून चेहरा पडला. इथे कोणी फसवले नाही. हिशेब आधी केला नाही एवढेच.

समजा, नाण्यात आजच्या भावाने १०,००० रुपयांचे सोने आहे. व्यापाऱ्याने मजुरी आणि पाकिटाचे ८ टक्के लावले, म्हणजे ८०० रुपये. टपाल आणि विम्याचे २०० रुपये. झाले ११,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३३० रुपये. तुमच्या खिशातून गेले ११,३३०. आता दुसऱ्याच दिवशी अडचण आली आणि सराफाने ३ टक्के घट धरून नाणे घेतले, तर हाती येतील ९,७००. एका रात्रीत १,६३० रुपये गेले. मजुरी परत मिळत नाही, टपाल परत मिळत नाही, कर तर नाहीच नाही. घातलेले पैसे नुसते भरून निघायला सोन्याचा भाव सुमारे १७ टक्के वाढायला हवा.

मजुरी आणि घटीचे दर दुकानागणिक बदलतात, म्हणून वरचे आकडे केवळ उदाहरणाचे समजा. पण रीत हीच. आणि नाणे जितके लहान, तितका वरखर्चाचा बोजा जास्त. अर्ध्या ग्रॅमची चार नाणी घेण्यापेक्षा थोडे थांबून दोन ग्रॅमचे एक घेतलेले बहुधा परवडते. चांदीच्या नाण्यात तर हा फरक अधिकच बोचतो, कारण धातूची किंमत कमी आणि नक्षी, डबी, मखमल यांचेच पैसे जास्त.

म्हणून मागणी करण्याआधी व्यापाऱ्याला दोन प्रश्न लेखी विचारा. "हेच नाणे तुम्ही परत घेता का? घेत असाल तर कोणत्या भावाने आणि किती घट धरून?" मग तोच प्रश्न शिरूरच्या किंवा दौंडच्या आपल्या ओळखीच्या सराफाला विचारा. काही पेढ्या दुसऱ्याचे नाणे घेतच नाहीत. काही पाकीट फोडलेले असेल तर कमी भाव देतात. हे आधी कळलेले बरे.

दुसरा अनुभव : "चांदीचे" म्हणजे किती चांदीचे?

जाहिरातीची भाषा नीट वाचा. "चांदीचे नाणे" आणि "चांदीचा मुलामा दिलेले नाणे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "जर्मन सिल्व्हर" या नावात सिल्व्हर आहे, पण धातूत चांदी औषधालाही नाही. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. शुद्ध चांदीवर ९९९ हा आकडा असतो. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी.

सरकारी नाणे असले तरी ते शुद्ध चांदीचे असेलच असे नाही. शेतकऱ्याला जवळची वाटावी अशी दोन नाणी पाहा. १९७० साली "सर्वांसाठी अन्न" या घोषणेचे १० रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. १९७३ साली "अधिक अन्न पिकवा" या घोषणेचे २० रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन ३० ग्रॅम, म्हणजे दुप्पट. पण चांदी ५० टक्केच, म्हणजे १५ ग्रॅम. १९८० नंतर निघालेली १०० रुपयांची अनेक स्मारक नाणी ३५ ग्रॅमची असून त्यांत निम्मीच चांदी आहे. संग्रह करणारा ती हौसेने जास्त पैसे देऊन घेतो, त्यात वावगे काही नाही. पण बचत म्हणून घेणाऱ्याने ३५ ग्रॅम चांदी घेतली असे समजू नये. सराफ ते वितळवील तेव्हा साडेसतरा ग्रॅमचेच पैसे देईल.

वजनाचाही एक घोळ आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बोलताना पुष्कळ ठिकाणी १० ग्रॅमला तोळा म्हणतात. जाहिरातीत "एक तोळा" लिहिले असेल तर ग्रॅममध्ये आकडा लिहून मागा.

तिसरा अनुभव : जुने नाणे आणि मोठी आशा

राणीछाप रुपया कोणत्या घरात नाही? लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो असतोच. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांना हे माप लागू आहे. सहाव्या जॉर्जच्या वेळी, १९४० पासून, रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तेव्हा "जुना चांदीचा रुपया" म्हणून टपालाने कोणी विकत असेल, तर कोणत्या राजाचा आणि कोणत्या सालाचा हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नका. या रुपयांच्या नकलाही बाजारात आहेत. पूजेपुरत्या त्या ठीक, बचतीला नाहीत.

तीच गोष्ट शिवराई होनाची. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असलेला, सुमारे पावणेतीन ग्रॅमचा हा सोन्याचा होन आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय. अस्सल होन फार थोडे उरले आहेत. टपालाने घरपोच मिळतात त्या प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून घेऊन देवघरात ठेवली तर आनंदच आहे. अस्सल म्हणून घेतली तर मात्र पश्चात्ताप. अमेरिकेत १९७३ साली कायदाच झाला, की नाण्याच्या नकलेवर "नक्कल" असा शब्द ठसवलाच पाहिजे. आपण निदान पावतीवर "प्रतिकृती" की "अस्सल" हे लिहून घ्यावे.

याच्या उलट फसवणूक म्हणजे तुमचे नाणे विकत घेतो म्हणणाऱ्याची. "वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आहे का? लाखो रुपये मिळतील. आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, मग कमिशन भरा." नाणे घरातच राहते आणि पैसे जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून बजावले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी बँक कोणाकडून कसलेही शुल्क मागत नाही.

आणि पाया खोदताना सोन्याची नाणी सापडली, गुपचूप स्वस्तात देतो, असे सांगणारा पाहुणा आला तर? एक-दोन खरी दाखवायची आणि पिशवीभर पितळेची गळ्यात मारायची, ही त्याची जुनी चाल. खरोखरच सापडली असतील, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. म्हणजे नाणी खोटी असतील तर पैसे गेले, आणि खरी असतील तर पोलीस दारात.

घरच्या घरी पारख

लोहचुंबकाला चिकटले नाही म्हणजे चांदी, असे पुष्कळांना वाटते. पण तांबे, पितळ, शिसे यांनाही चुंबक ओढत नाही. चिकटले तर माल खोटा. न चिकटले तर अजून काहीच ठरत नाही.

याहून चांगली पारख पाण्याची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा मिळतो. त्यावर नाण्याचे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा. पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि अंगाला हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो पाहा. नाणे १० ग्रॅमचे असेल तर शुद्ध सोन्याला सुमारे ०.५२ येईल, शुद्ध चांदीला ०.९५, जर्मन सिल्व्हरला १.१५ च्या आसपास आणि पितळेला १.१८ च्या जवळपास. सोने सगळ्यांत जड, म्हणून कमी पाणी सारते. पितळेवर सोन्याचा कितीही सुंदर मुलामा असला तरी पाणी फसत नाही.

या पारखीलाही मर्यादा आहे. टंगस्टन नावाचा धातू सोन्याइतकाच जड असतो, आणि सीलबंद पाकिटातले नाणे पाकीट न फोडता बुडवता येत नाही. म्हणून मोठी रक्कम असेल तर हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून तपासून घ्या. दुकानातले किरणांचे यंत्र मुख्यतः वरचा थर वाचते. जाड मुलाम्याच्या नाण्याबाबत तेवढ्यावर विसंबू नका.

हॉलमार्कचा गैरसमज

जून २०२१ पासून पुण्यासह २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती सुरू झाली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बघूनच घ्यायचा. हा क्रमांक मोबाइलवरच्या "बीआयएस केअर"मध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या आदेशाने ही सक्ती आली, त्यात सोन्याची लगड आणि नाणे वगळलेले होते. म्हणजे दागिना बिनाहॉलमार्कचा विकता येत नाही, म्हणून नाणेही तपासलेलेच असणार, हे गृहीत धरू नका. ब्युरोने मान्यता दिलेल्या शुद्धीकरण कारखान्याचे किंवा टांकसाळीचे नाणे मागा. शुद्धता, वजन आणि बनवणाऱ्याचे नाव नाण्यावर आणि पाकिटावर दोन्हीकडे आहे का, ते पाहा.

पाकीट आल्यावर

पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात असतानाच चिकटपट्टी फाटलेली नाही ना, ते पाहा. पाकिटावर वजन छापलेले असेल तर ते ताडून पाहा. फाटलेले पाकीट घेऊ नका. घेतले तर घरातल्या मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगून मगच उघडा. पावतीवर व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, नाण्याचे वजन आणि शुद्धता ही पाचही हवीत. पाकीट, पावती, पैसे भरल्याचा पुरावा हे सारे नाण्याबरोबरच पेटीत ठेवा. पहिल्या खेपेला लहान नाणे मागवा, ते तपासा, आणि मगच मोठ्या मागणीचा विचार करा.

तरीही फसलात, तर गप्प बसू नका. "व्यापारी दिल्लीचा, आम्ही मांडवगण फराट्याचे, आमचे कोण ऐकणार?" असे म्हणून पुष्कळजण सोडून देतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात मोठी सोय आहे. गिऱ्हाईक जिथे राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शिरूर आणि दौंडकरांनी पुण्याला जायचे, व्यापाऱ्याने तिथे यायचे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर ग्राहक मदतवाहिनीला फोन करा. मोबाइलवरून पैसे लुबाडले गेले असतील, तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. तिथे तासातासाला महत्त्व आहे. ग्राहकाने आपल्या हक्कासाठी उभे राहावे, ही चळवळ १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीच्या रूपाने उभी राहिली. तिचा लाभ खेड्यातल्या माणसाने का घेऊ नये?

शेवटी एवढेच सांगायचे. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. बियाणे घेताना पिशवीवरचा टॅग आणि पावती जपून ठेवतो. मग वर्षाच्या घामाचे पैसे नुसत्या चित्रावर भाळून का पाठवायचे? जाहिरात आवडली तर ती कापून ठेवा, दोन दिवस जाऊ द्या. बाजारच्या दिवशी कारभारणीला बरोबर घेऊन सराफाच्या पेढीवर जा आणि जाहिरात पुढे ठेवून विचारा, "हे नाणे मी उद्या तुमच्याकडे आणले, तर तुम्ही मला काय द्याल?" मिळालेला आकडा जाहिरातीतल्या आकड्याखाली लिहा, वजाबाकी करा आणि मग घरी बसून ठरवा.